एकोणीस नंबरची खोली

घर बांधायचं ठरलं तेव्हा सगुणाबाईंना काय हवं ते सगळ्यात शेवटी विचारलं गेलं, आणि तेही घरातल्या कुणी नाही.

माणमध्ये त्यांच्या सत्तावीस खोल्या होत्या. खाली नऊ, मधे नऊ, वर नऊ. आसपास कंपन्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा भैरूअण्णांनी राहतं घर पाडून त्या जागी ही तीन मजली बिल्डिंग उठवली आणि एक अन् दोन नंबरच्या खोल्या स्वतःसाठी ठेवल्या. तात्पुरत्या. "वरीस-दोन वरसात ओढ्याकडच्या तुकड्यात आपलं घर बांधू," असं तेव्हा ते म्हणाले होते, त्याला सोळा वर्षं झाली. दरम्यान मुलगा इंद्रजित कॉलेज संपवून कंपन्यांना बसगाड्या पुरवायच्या धंद्यात पडला, त्याचं लग्न झालं, पिरंगुटची शुभांगी बँकेतली नोकरी सांभाळत सून म्हणून आली, आणि तरीही घर म्हणजे एक नंबर आणि दोन नंबरच. दोन्ही खोल्यांना मधून दार नव्हतं. आमटीचं पातेलं एकीतून दुसरीत न्यायचं तर समाईक व्हरांड्यातून न्यावं लागे, आणि तेवढ्यात कुणीतरी पोरगा "आंटी, पानी कब आयेगा?" म्हणून वाट अडवून उभा राही.

विषय शुभांगीनंच काढला. एके दिवशी तिच्या वाळत घातलेल्या साडीवर कुणाचीतरी ओली जीन्स येऊन पडली आणि साडीला निळा डाग लागला. ती चिडली नाही. संध्याकाळी जेवताना शांतपणे म्हणाली, "माझ्या मैत्रिणीच्या ओळखीची एक आर्किटेक्ट आहे. रविवारी बोलावते." इंद्रजितनं मान हलवली. भैरूअण्णा म्हणाले, "यू दे."

रेश्मा रविवारी सकाळी कोथरूडहून आली. पस्तिशीची, पायात साधे बूट, खांद्याला कापडी पिशवी. दोन नंबरच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून तिनं वही उघडली आणि म्हणाली, "आज मी काही दाखवणार नाही. फक्त ऐकणार आहे."

इंद्रजितनं मोबाईल तिच्यापुढं धरला. त्यात एकावर एक ठेवलेल्या खोक्यांसारखे पांढरेशुभ्र बंगले होते, काचेच्या भिंती होत्या. "हॉल डबल हाइटचा पाहिजे, मॅडम. पुढून पूर्ण काच. रस्त्यानं जाणारा माणूस बघतच राहिला पाहिजे."

"मला आतून दारं पाहिजेत," शुभांगी म्हणाली. "एका खोलीतून दुसरीत जायला बाहेर पडावं लागू नये. आणि कपडे वाळत घालायची अशी जागा, जिथं दुसऱ्या कुणाचे कपडे नसतील."

भैरूअण्णा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांचं सगळं ठरलेलंच होतं. "जिना बाहेरनं घ्या. दर खोलीला तिची तिची मोरी, तिचा तिचा संडास. मीटर वरचं येगळं, खालचं येगळं."

रेश्माचं पेन थांबलं. "पण काका, राहणार तुम्ही घरचे चौघंच ना?"

"आज चौघं. उद्याचं कुनी बगितलंय?"

"अण्णा, आपण घर बांधतोय. खोल्या नाही," इंद्रजित म्हणाला.

"घराला खोल्या नसत्यात व्हय?"

शुभांगीनं हसू दाबलं. सगुणाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या, कारण आत बसायला जागा उरली नव्हती. रेश्मानं त्यांच्याकडे पाहिलं. "मावशी, आणि तुम्हाला? तुम्हाला काय हवंय?"

खोलीतले सगळे एकदम सगुणाबाईंकडे वळले. एवढ्या नजरा एका वेळी त्यांच्यावर लग्नानंतर पहिल्यांदाच पडल्या असतील. त्या गडबडल्या. "मला काय कळतंय त्यातलं? तुमी शिकल्याली मानसं. तुमी कराल ते ब्येस."

इंद्रजित लगेच पार्किंगचं बोलू लागला. पण निघताना रेश्मा गेटपाशी सगुणाबाईंजवळ थांबली. "मावशी, गुरुवारी मी दिवसभर येते. तुमच्या मागं मागं फिरते. चालेल?"

"माज्या मागं फिरून काय मिळनार तुमास्नी?"

"बघू."

गुरुवारी ती खरंच आली, साडेसहाला. सगुणाबाईंची मोटर तेव्हा चालू झालेली होती आणि त्या गच्चीवर टाकीच्या झाकणाशी उभ्या होत्या. मग दिवसभर ती त्यांच्या मागं होती. टाकी, मोटर, कचऱ्याच्या बादल्या, गॅसवाला, आठ नंबरच्या गळक्या नळाचा वॉशर. सगुणाबाईंच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता, पण कुठली चावी कुठली ते पाहायला त्यांना तो वर काढावा लागत नव्हता. हात घातला की हवी ती चावी बोटात येई.

दहाच्या सुमारास एक मुलगी पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन खोली विचारत आली. रिकाम्या दोन होत्या, चौदा आणि एकवीस. सगुणाबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. "ड्यूटी दिन की, के रात की?"

"रात की, आंटी."

त्यांनी एकवीसची चावी काढून दिली. मुलगी वर गेली तशी रेश्मा म्हणाली, "चौदा तर मोठी आहे. ती का नाही दिलीत?"

"चौदाला सकाळचं ऊन थेट आत येतं. रातभर जागून आल्याली पोरगी झोपंल कशी? एकवीस अंधारी हाय. दिवसा बी रात वाटती. तिथं रातपाळीवालीच ऱ्हात्यात, आनि खूश ऱ्हात्यात." सगुणाबाई बोलता बोलता जिना उतरत होत्या. "बारा नंबरची मागची भित तापती, रातच्या नवापातुर हात लावू देत न्हाई. तिथं मी हिवाळ्यातच कुनाला घालती. सातला गटाराचा वास येतो, पन वारं पूर्वेचं असलं तरच. चोवीसमंदी शेजारच्या बिल्डिंगीतला टीव्ही ऐकू येतो, तर तिथं म्हातारा-म्हातारी बरी. त्यास्नी तेवडीच सोबत."

रेश्मा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबली होती. "मावशी, हे सगळं भाडेकरूंनी सांगितलं तुम्हाला?"

"भाडेकरू कशाला सांगतील? ते निस्तं भांडत्यात."

"मग?"

सगुणाबाई जिना उतरत राहिल्या. खाली जाऊन त्यांनी पोहे केले, दोघींनी खाल्ले, मग ताटल्या विसळताना, पाठ फिरवलेलीच ठेवून, त्या म्हणाल्या, "कुनाला बोलायचं न्हाई, म्हनत असशील तर सांगती."

एव्हाना त्या तिला अगं-तुगं करू लागल्या होत्या. रेश्मानं मान हलवली, पण पाठमोऱ्या सगुणाबाईंना ते दिसलं नाही, म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "नाही बोलणार."

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची होती. एक खोली रिकामी झाली, सगुणाबाईंनी ती धुतली, पुसली, आणि कंबर धरली म्हणून जरा आडव्या झाल्या. वाऱ्यानं दार आपटत होतं म्हणून कडी लावली. आणि तशाच पडून असताना त्यांच्या लक्षात आलं, की बंद दाराआड आपण एकट्या आहोत, असं या जन्मात पहिल्यांदाच घडतंय. माहेरी सात भावंडं. सासरी दीर, जावा, सासू. नंतर पोरगा, नंतर हे भाडेकरू. तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस होतं. त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही. नुसत्या पडून राहिल्या, छताकडे बघत. चारला उठून खाली आल्या आणि चहा ठेवला.

तेव्हापासून खोली रिकामी झाली की धुऊन झाल्यावर एक दुपार त्यांची. चटई टाकायची, कडी लावायची. कधी झोपायचं, कधी भुईमुगाच्या शेंगा खायच्या, कधी काहीच करायचं नाही. बारा वर्षांत त्या भाड्याच्या पंचवीसच्या पंचवीस खोल्यांत अशा राहून आल्या होत्या, काहींत पाच-सहा वेळा.

"आणि सगळ्यात चांगली कुठली?" रेश्मानं विचारलं.

सगुणाबाईंना विचार करावा लागला नाही. "एकोनीस."

एकोणीसमध्ये तीन वर्षांपासून निषाद राहत होता. केरळकडचा, कंप्युटरवर काम करणारा, अबोल पोरगा. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. सगुणाबाईंनी दार वाजवलं. "निषाद बेटा, ये म्याडम को खिडकी देखने की है." त्यानं कानावरचे हेडफोन काढले, बाजूला झाला आणि पायातल्या चपला पलंगाखाली सरकवल्या.

खोली इतर खोल्यांएवढीच होती. दहा बाय बारा, वरच्या मजल्यावर कोपऱ्याची. उत्तरेला एक खिडकी, पश्चिमेच्या भिंतीत अगदी वर एक छोटा झरोका. रेश्मानं इकडं तिकडं पाहिलं. तिला विशेष काही दिसलं नाही.

"असं उभं राहून न्हाई कळायचं. खाली बस," सगुणाबाई म्हणाल्या.

रेश्मा खाली बसली. तिला ओढा दिसला, ओढ्यापलीकडचं भाताचं हिरवं खाचर दिसलं. मग, निषादकडे जरा संकोचून बघत, फरशीवर आडवीच झाली. आणि तिथून तिला टेकडीचा माथा दिसला आणि टेकडीच्या वरचं आभाळ. समोरची बिल्डिंग नाही, तारा नाहीत. वरच्या झरोक्यातून वारं आत येत होतं आणि अंगावरून खिडकीकडं जात होतं.

"खिडकी खाली आहे," ती म्हणाली. उठून तिनं माप घेतलं. "जमिनीपासून पावणेदोन फूट. एरवी सगळीकडं तीन असतं."

"गवंड्याची चूक हाय ती. चौकट मोठी आली. परत न्यायचा त्यानं कंटाळा केला, आनि भितच खाली उतरवली. हे लई चिडलं हुतं तवा."

"मैं इसीलिए रूम चेंज नहीं करता," निषाद एकदम म्हणाला. कंपनीजवळ त्याला दोनदा चांगले फ्लॅट मिळत होते, ते त्यानं सोडले होते. दोघींना दोन बिस्किटं देऊन तो पुन्हा कामाला लागला.

खाली येताना रेश्मानं विचारलं, "मावशी, हे घरच्यांना का नाही सांगायचं?"

"बाईमानूस दुपारच्याला कडी लावून एकटी पडती, ते बी काय दुखत-खुपत नसताना. काय म्हनतील? माजं मलाच इचित्र वाटतं."

पंधरा दिवसांनी नकाशा आला. खाली हॉल, स्वयंपाकघर, आणि उत्तरेच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला, एक दहा बाय बाराची खोली. वर इंद्रजित आणि शुभांगी. सगळ्या खोल्या आतून एकमेकींना जोडलेल्या. शुभांगीला नकाशा बघताक्षणी आवडला. उत्तरेच्या खोलीवर रेश्मानं 'आई-अण्णा' असं लिहिलं होतं आणि खिडकीशी बारीक अक्षरात एक माप होतं, त्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. सगुणाबाईंचं गेलं. त्यांना इंग्रजी आकडे वाचता येत होते. मीटरचं रीडिंग त्याच घेत.

पण नकाशा घरात आला की तो घरातल्या सगळ्यांचा होतो. इंद्रजितला दोन गाड्यांची जागा हवी होती, त्यासाठी हॉल मागं सरकला. हॉल मागं सरकला तसं उत्तरेच्या खोलीत त्याला होम थिएटर दिसू लागलं, कारण तिथं रस्त्याचा आवाज येत नाही. भिंती जाड करायच्या, खिडकी बुजवायची. आई-अण्णांची खोली पुढं, पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला गेली आणि तिला जमिनीपासून छतापर्यंत काच आली. भैरूअण्णांचा बाहेरचा जिना मात्र कुठंच बसेना. ते दर वेळी तो मागत आणि दर वेळी पुढच्या नकाशात तो नसे.

रेश्मानं सगुणाबाईंना फोन केला. "मावशी, मी सांगू का त्यांना?"

"नको."

"मग तुम्ही सांगा. मी शब्द दिलाय म्हणून गप्प आहे. पण एकदा पाया खोदला की मग काही हातात राहणार नाही."

"बगू," सगुणाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा इंद्रजितचा फोन वाजला, एकदा त्यांच्याच मनानं माघार घेतली. एवढ्या मोठ्या घरात आपल्याला खिडकी खाली हवी, हे काय मागणं झालं?

आखणीच्या दिवशी सगळे ओढ्याकडच्या तुकड्यावर गेले. मजुरांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, आणि दोऱ्यांच्या कडेनं चुन्याची फक्की मारत गेले. बघता बघता मोकळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांचं घर उमटलं. शुभांगी मुद्दाम दारांतून चालत होती, रेघ ओलांडत नव्हती. "हे स्वयंपाकघर. इथून आत. इथून परत हॉल." ती लहान मुलीसारखी खूश होती.

सगुणाबाई उत्तरेच्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. समोर ओढा होता, तीच टेकडी होती, एकोणीस नंबरपेक्षाही जवळ.

"आई, तू थिएटरमध्ये उभी आहेस," इंद्रजित हसत म्हणाला. "तुमची खोली इकडं, पुढं. ये, बघ तरी."

त्या पुढं गेल्या, बघितली. पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं आणि रस्त्यावरून डंपर चालले होते. "चांगली हाय," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात निषाद गेला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्यानं गावाकडंच काम शोधलं होतं. जाताना सगुणाबाईंच्या पाया पडला. त्यांनी खोली धुतली, चटई टाकली, कडी लावली. दुसऱ्या दिवशी एक जोडपं खोली बघायला आलं, त्यांना त्यांनी चौदा दाखवली. तिसऱ्या दिवशी एक पोरगा आला, त्याला म्हणाल्या, "खाली नहीं है."

व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या भैरूअण्णांनी ते ऐकलं. "अगं, एकोनीस रिकामी हाय की."

"हाय. पन ती द्यायची न्हाई."

"का?"

"मला पायजे ती."

आणि पुढचे काही दिवस त्या दुपारचं जेवण उरकलं की सरळ वर जात, सगळ्यांच्या देखत, चटई काखेत घेऊन. चारला खाली येत. कुणाला काही बोलत नव्हत्या, रागावलेल्याही दिसत नव्हत्या. इंद्रजितला वाटलं, आईची तब्येत बरी नसावी. शुभांगीला वाटलं, आपलं काही चुकलं का. भैरूअण्णांनी चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी ते गुडघ्यावर हात ठेवत, टप्प्याटप्प्यावर थांबत वर चढले. कितीतरी वर्षांत ते वरच्या मजल्यावर गेले नव्हते.

दार वाजलं. सगुणाबाईंनी कडी काढली. ते आत आले, चौफेर पाहिलं. खोलीत चटई, उशी आणि पाण्याचा तांब्या यापलीकडं काही नव्हतं.

"हे काय चाललंय तुजं?"

"पडा जरा. दमलाय."

खुर्ची नव्हतीच, त्यामुळं ते चटईवर बसले, मग लवंडले. "गुडगं गेलं माजं," एवढं म्हणाले आणि खिडकीकडं तोंड करून पडले. सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळानं त्यांना घोरणं ऐकू आलं.

भैरूअण्णा दोन तास झोपले. जागे झाले तेव्हा उन्हं कलली होती. ते काही वेळ तसेच पडून खिडकीतून बाहेर बघत राहिले. "म्या दुपारचा कवा झोपत न्हाई," ते म्हणाले. "हितं कशी काय लागली?"

मग सगुणाबाईंनी सांगितलं. बारा वर्षांचं, पंचवीस खोल्यांचं, गवंड्याच्या चुकीचं, रेश्माच्या पहिल्या नकाशाचं. एकदा सुरू केल्यावर सगळंच सांगून टाकलं.

अण्णांना ते लागलं. ते उठून बसले. "इतकी वरसं? आन मला न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी बी आला असता."

भैरूअण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. आधी त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला, मग मिशीच्या कोपऱ्यातून हसू फुटलं. "व्हय, आलोच असतो," ते म्हणाले.

 मग भैरूअण्णाच बोलायला लागले, खिडकीबाहेर बघत. "तुला वाटत आसंल, मी त्या जिन्याचं येवडं का धरून बसलोय. तुला ठावं हाय, रातच्या दोनला कंपनीच्या गाड्या येत्यात. पोरं जिना चढत्यात धाडधाड. पयल्या साली मी शिव्या घालायचो. आता जिना वाजला न्हाई, तर मला जाग येती. दिवाळीत समदी गावाला जात्यात तवा माज्या डोळ्याला डोळा लागत न्हाई, बगितलंय न्हवं तू? आता तिकडं ओढ्याला जायाचं. चार मानसं. इंद्रा आत्ताच म्हनतोय, बानेरला फ्लॅट बगू. तो गेला म्हंजी आपन दोगं. मी म्हन्लं, जिना बाहेरनं असला तर वर कुनाला तरी ठिवता यील. मानसाचा पाय तरी वाजंल."

सगुणाबाई ऐकत होत्या. सोळा वर्षं एका खोलीत झोपून त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटे, भाड्याची सवय, दुसरं काय. "आनि मला वाटतंय, कवा एकदा तो जिना वाजायचा बंद हुतोय," त्या म्हणाल्या.

"मग आता?"

"आता काय. म्याडमला बोलवा."

रेश्मा शनिवारी आली. या वेळी सगुणाबाई दारात उभ्या राहिल्या नाहीत. एक नंबरमधल्या पलंगावर तिच्या शेजारी बसल्या आणि शुभांगीनं चहा ठेवला. त्यांनी नकाशा स्वतःच्या मांडीवर ओढला, उत्तरेच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही खोली माजी. खिडकी पावणेदोन फुटावर. पश्चिमेला वर झरोका. दाराला आतनं कडी."

"आई, तिथं थिएटर आहे," इंद्रजित म्हणाला. "आणि पावणेदोन फूट? बाहेरून कसं दिसेल ते?"

"मी बाहेरनं बगनार न्हाई."

इंद्रजितनं वडिलांकडं पाहिलं. भैरूअण्णा म्हणाले, "ती म्हनती तसं करा. आनि माजा जिना."

"अण्णा, तो जिना…"

"त्यांचा जिना बी घ्या," सगुणाबाई म्हणाल्या. "पन माज्या खोलीपासनं लांब."

शुभांगी ओट्याशी उभी होती. तिनं गॅस बारीक केला. "इंद्रजित, थिएटर वर घेऊ. आपण किती वेळ बघतो सिनेमे? मला तर तिथं कपड्यांचं कपाटही चालेल." त्यावर दोघांचं थोडं वाजलं, पण चहा होईपर्यंत मिटलं. हॉलची दुप्पट उंची निम्म्यावर आली. पुढची, रस्त्याकडची खोली एकट्या भैरूअण्णांची झाली. काच राहिली, पण दक्षिणेला सरकली. जिना दक्षिणेच्या भिंतीबाहेरून वर चढला आणि वरच्या मजल्यावर एका स्वतंत्र खोलीपाशी थांबला. रेश्मानं तिथल्या तिथं पेन्सिलीनं सगळं आखून दाखवलं. खोडरबराचा चुरा पलंगभर झाला.

"एक सांगू?" निघताना ती इंद्रजितला म्हणाली. "चुन्याच्या रेघा पुन्हा माराव्या लागतील. दोन दिवस जातील."

"जाऊ दे," इंद्रजित म्हणाला. तो अजून जरासा फुरंगटलेलाच होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच वर एकोणीसमध्ये जाऊन आला. आईला त्यानं काही सांगितलं नाही, पण खुंट्या हलवताना तो स्वतः उभा होता आणि गवंड्याला माप त्यानंच वाचून दाखवलं. गवंडी म्हणाला, "साहेब, चुकतंय तुमचं. तीन फूट असतंय." इंद्रजित म्हणाला, "नाही चुकत. पावणेदोन."

घराला सव्वा वर्ष लागलं. वास्तुशांतीला आलेल्या बायकांनी ती खिडकी बघून नाकं मुरडली. कुणी म्हणालं चोर येईल, कुणी म्हणालं साप येईल. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या शेळीनं आत डोकं घातलं आणि उशीची खोळ चावली, मग खिडकीला जाळी बसली. वरच्या स्वतंत्र खोलीत महिनाभरात भैरूअण्णांनी एका इस्पितळातल्या नर्सबाईंना आणून ठेवलं. शुभांगी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. पण नर्सबाईंची पाळी रात्री दीडला सुटे, जिना वाजे, आणि त्यानंतरच भैरूअण्णांच्या खोलीतून घोरणं सुरू होई, हे तिलाही वरून ऐकू येत होतं. मग तिनं नाद सोडला. नर्सबाईंचे कपडे वाळायला वेगळी दोरी बांधली, एवढंच. बाणेरच्या फ्लॅटचं बोलणं मधूनमधून निघे आणि विरून जाई.

चौथ्या महिन्यात रेश्मा घर बघायला आली. दुपारची वेळ होती. शुभांगी बँकेत, इंद्रजित गाड्यांवर, भैरूअण्णा जुन्या बिल्डिंगकडं मोटर चालू करायला गेलेले. सगुणाबाईंनी दार उघडलं. डोळे झोपेचे होते, केस जरा विस्कटलेले.

"झोपमोड केली का मी?"

"न्हाई. ये."

रेश्मा घरभर फिरली. ओल कुठं नाही ना ते बघितलं, दारं उघडून लावून पाहिली. उत्तरेच्या खोलीच्या दाराशी ती थांबली, पण आत गेली नाही. "कशी आहे खोली, मावशी?"

"बरी हाय," सगुणाबाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "हे बग हितं. ओटा दोन बोटं उंच झालाय. भाकरी थापायला खांदं भरून येत्यात माजं. तू शुभांगीच्या उंचीनं केलास."

रेश्मानं ओट्यावर तळहात टेकवले, कोपर बघितलं. "खरंच की. चुकलं माझं."

"आनि ह्या कपाटाचं दार उघडलं की माज्या डोक्याला लागतंय. आनि भांडी घासायचं पानी तिकडं जायाच्या जागी हिकडं येतंय."

रेश्मानं पिशवीतून वही काढली आणि ओट्याला टेकून लिहू लागली. सगुणाबाईंनी तवा चढवला. "लिही, लिही. अजून लई हायेत," त्या म्हणाल्या आणि परातीत पीठ घेतलं. "आनि जेवल्याबिगर जायाचं न्हाई."